चाळीस हजार एक डॉलर

आमच्या घरात माझ्या इंग्रजीला भाव आला तो ऊसतोडणीचं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा. त्याआधी कित्येक वर्षं मी शहाद्यात इंग्रजीचे क्लास घेत होते आणि घरात त्याला 'ती तिकडे जाते' एवढंच म्हणत. कुठे जाते, कशाला जाते, असं पाहुण्यांनी विचारलं की माझे सासरे, म्हणजे आबा, विषय कापसाकडे वळवायचे.

ऑस्ट्रेलियातला एक म्हातारा शेतकरी त्याचं जुनं मशीन विकतोय, हा शोध माझ्या नवऱ्याने मोबाईलवर लावला. मशीन घराएवढं, आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. मालक ओळखीचा नाही, मशीन समुद्रापलीकडे, पण आबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना फक्त ते चालताना बघायचं होतं. मग व्हिडिओ कॉल झाला. आबा बैलबाजारात बैल पारखतात तसं त्यांनी ते पारखलं. "त्याले सांग, पुढे चालाड. आते वळाव. आते मांगे ले." मी हे सगळं इंग्रजीत सांगत होते आणि तो बिचारा मशीन पुढे-मागे करत होता. शेवटी आबांनी पाती जवळून दाखवायला लावली. दात बघितल्याचं समाधान झालं, तेव्हा सौदा ठरला. चाळीस हजार डॉलर, तिकडचे.

आता पैशांचं. निम्मे उसाच्या बिलाचे होते. उरलेले निम्मे माझे. शहाद्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा म्हणून मी क्लासच्या कमाईतून बँकेत ठेव केली होती. तिथे एका खोलीत मुलांना शिकवायचं आणि दुसऱ्या खोलीचं दार लावून घेऊन बसायचं, एवढीच माझी चैन. ती ठेव मोडायचं आबा आणि माझा नवरा या दोघांनी चहा पिता पिता ठरवलं. मला कळवण्यात आलं, हेही काही कमी नाही. आमच्याकडे मोडलेला पैसा एकदा घरात आला की तो घरचा होतो. त्याला मागचं नाव राहत नाही, आम्हा सुनांसारखंच.

पैसे मात्र माझ्याच खात्यातून जाणार होते. आबांनी जन्मात कधी कर भरला नाही, नवऱ्यानेही नाही, आणि परदेशातून माल आणायचा परवाना असल्या माणसांना कोण देणार? क्लासमुळे मी दरवर्षी रिटर्न भरत होते, म्हणून परवाना माझ्या नावावर निघाला. बिल अर्थातच आबांच्या नावाचं. मी फक्त खातं, परवाना आणि इंग्रजी.

बँकेत फॉर्म भरायला बसले तेव्हा आबा शेजारी होते. आकडा बघून त्यांनी माझा हात धरला. "सुन्यावर येव्हार व्हत नही, बेटा. वर एक टाक." लग्नाचा आहेर असो, बैल असो की जमीन, या माणसाने आयुष्यात शून्यावर संपणारी रक्कम कुणाच्या हातात ठेवलेली नाही. मी टाकला एक.

बँकेतल्या साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिले. "बिल चाळीस हजारांचं आणि पाठवताय चाळीस हजार एक. हा एक कशाचा?"

"शकुनाचा," मी म्हटलं.

साहेबांनी पडद्यावरची कारणांची यादी अगदी प्रामाणिकपणे वर-खाली सरकवली. शकुन त्यात नव्हता. त्यांचं म्हणणं, एक तर तो एक काढा, नाहीतर बिल तेवढ्याचं आणा. आबा म्हणाले, काढणार नाही. "आणि नवं बिल आणतच असाल," साहेब मला म्हणाले, "तर नावही बदलून आणा. खातं तुमचं, परवाना तुमचा आणि माल सासऱ्यांचा, असं चालत नाही." आबांनी ते ऐकलं आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे बघत राहिले.

म्हाताऱ्याला मी लिहिलं की कृपा करून एक डॉलर वाढवून बिल द्या. त्याचं उत्तर आलं की हा सौदा आता नको. मला काही कळेना. मग समजलं की तिकडे जास्त पैसे पाठवल्याचं खोटंच भासवून नंतर फरक परत मागणाऱ्या चोरांचा सुळसुळाट आहे. आबांचा शुभशकुन त्या म्हाताऱ्याला दरोडा वाटला होता. घरात लगेच चर्चा सुरू झाली की मशीन नाही तर नाही, पैसे मोकळे झालेच आहेत तर रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा घेऊ. माझे पैसे फार लवकर मोकळे होतात. मला संताप आला, आणि मी न विचारता फोन लावला.

आबा आणि नवरा ओट्यावर येऊन बसले. मी म्हाताऱ्याला एकाचा अर्थ समजावला. शून्यावर थांबलं की व्यवहार तिथेच संपतो, वर एक ठेवला की पुढे चालू राहतो, असं आम्ही मानतो. तो म्हणाला, त्याची आई कुणाला पाकीट भेट द्यायची तेव्हा आत एक नाणं ठेवायची, रिकामं पाकीट देत नसे. बिल देतो म्हणाला. मग त्याने विचारलं, मालक म्हणून कोणाचं नाव लिहू?

"काय म्हनी ऱ्हायना तो?" आबांनी विचारलं.

मी आधी म्हाताऱ्याला माझं नाव सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून, दोनदा. मग आबांकडे वळून, त्याने काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते जसंच्या तसं सांगितलं. आयुष्यात इतकं चोख भाषांतर मी केलेलं नाही. आबा उठून गोठ्याकडे गेले.

पैसे पुढच्या आठवड्यात गेले आणि पोचले. त्या दिवशी नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. असा तो फारसा येत नाही.

"आबासले वाईट वाटनं," तो म्हणाला.

"माले बी वाटनं व्हतं," मी म्हटलं. "एफडी मोडी तवय. तवय माले कोनी इचारं?"

मग त्याने विचारलं, मशीन आलं की पहिल्यांदा कोणाच्या शेतात लावायचं. मी म्हटलं, बघते.