पाठवलं की पुसलं

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत नवरा-बायकोचं भाषांतराचं कार्यालय होतं. तो भाषांतर करी, ती मुळाशी ताडून बघे. कॉलेजात तो तत्त्वज्ञान शिकला होता, आणि बुद्धाचे विचार त्याने पुस्तकात न ठेवता थेट धंद्यात आणले. कामाला हात लावण्याआधी दोघांनी डोळे मिटून थोडा वेळ शांत बसायचं. जाहिरातीतली थाप आपल्या हाताने लिहायची नाही. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे, काम पाठवलं की आपल्याकडची प्रत पुसून टाकायची.

"दुसऱ्याचे शब्द पाहुणे असतात," तो म्हणे. "धरून ठेवले की दुःख आलंच."

धाकट्या दिराने त्याचं नावच 'भन्ते' पाडलं. "वहिनी, भन्तेंचा चष्मा तेवढा लपवून ठेवा, नाहीतर तोही सोडून देतील!" तेव्हा ती पोट धरून हसायची.

मग एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. उरली दवाखान्यांची यंत्रं बनवणारी एक कंपनी. तिची माहितीपुस्तकं पहिल्यापासून इथेच होत. घर आता त्यावरच चाललं होतं.

एका सकाळी तिथल्या नव्या साहेबांचा फोन आला.

"यापुढे भाषांतर संगणक करणार. त्याला शिकवायला मूळ वाक्याला भाषांतराचं वाक्य जोडलेल्या तुमच्या जुन्या फायली लागतील. आमच्याकडे नुसती छापील पुस्तकं आहेत, त्यांचा उपयोग नाही. फायली द्या, मग तपासणीचं काम कायम तुमचंच."

"जुनं आम्ही ठेवत नाही."

"म्हणजे?"

"पुसून टाकतो. तत्त्व आहे आमचं."

पलीकडचं हसू तिलाही ऐकू आलं. "बरं. ज्यांनी ठेवलंय त्यांना विचारतो."

फोन ठेवून तो खिडकीशी गेला. तिला मात्र वेगळंच आठवलं. मागे एकदा तिने त्याच्या नकळत सगळ्या प्रती जपून ठेवायला घेतल्या होत्या, फोल्डरला 'घरखर्च' असं नाव देऊन. मग एका सकाळी शांत बसल्यावर त्या लपवाछपवीची तिलाच लाज वाटली, आणि डोळे उघडल्या उघडल्या तिने स्वतःच्या हाताने त्या पुसल्या. ते तिने आत्ताही सांगितलं नाही.

"सुटलो म्हणायचं," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

"सगळं सोडलंस रे तू," ती म्हणाली. "तो नियम तेवढा घट्ट धरून बसलास. आणि तुझ्या नादानं मीपण."

त्याने पाण्याचा पेला उगाचच दोनदा उचलून खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघं नेहमीच्या वेळेला आली. खाली शिंप्याचं मशीन खडखडत होतं. त्याने सवयीने खुर्ची ओढली, डोळे मिटले. तीही बसली. रोज डोळे उघडले की पहिलं पान पुढ्यात ओढायचं असे. आज टेबल मोकळं होतं, आणि डोळे कधी उघडायचे ते दोघांनाही कळेना.