उतरायला माणूस लागतो

मला चढाचं भय कधी वाटलं नाही. चढावर फार तर दम लागतो, आणि दम लागून आजवर कुणी दरीत पडलेलं नाही. माझं सगळं दुखणं उताराचं. सायकल आपसूक पळायला लागली की बोटं ब्रेकला चिकटून बसतात. हे दुखणं कळायलाच मला चाळिशी ओलांडावी लागली, कारण सोलापुरात उतार नाहीच. घाटाचा सराव हवा म्हणून आम्ही चार सायकलवाले रोज सकाळी रेल्वेवरचा उड्डाणपूल पंचवीस-पंचवीस वेळा चढायचो. पुलाच्या टोकाचा चहावाला काही दिवस नुसता बघत राहिला, मग न राहवून म्हणाला, "मॅडम, काय पडलंय का तुमचं? सांगा, आमीबी हुडकतो की."

आम्ही ज्या शर्यतीची तयारी करत होतो, तिच्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. सोलापुरातून निघायचं, सांगोला, विटा, कराड करत कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं. तिथून कशेडी घाट, मग आंबेनळी चढून महाबळेश्वर, पसरणी घाटानं खाली वाई आणि फलटणवरून परत सोलापूर. सहाशेच्या वर किलोमीटर आणि चाळीस तास. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. सगळे शिक्के वेळेत मिळाले तर पास. घरच्यांची गाडी शिक्क्याच्या ठिकाणी भेटली तर चालते, पण रस्त्यात सायकलच्या मागे गाडी दिसली की नाव बाद.

मागच्या वर्षी मी निघण्याआधीच माझ्या शाळेनं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मुख्याध्यापकांचं भाषण. बाजारात तुरी! कुंभार्लीच्या उतारावर दुसऱ्याच वळणाला मी ब्रेक आवळून सायकलवरून उतरले. रस्त्याच्या कडेला बसले ती उठलेच नाही. शेवटी शेळ्यांच्या टेम्पोतून चिपळूण गाठलं. सोमवारी वर्गात शिरले तर मुलांनी फळ्यावर सायकल काढून खाली 'अभिनंदन' लिहिलेलं. ते पुसताना मला रडू आलं आणि पोरांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती, सोलापुरातला शेवटचा शिक्का. यंदा मी कुणाला काही बोलले नाही. फक्त वडिलांना कळलं, कारण त्यांच्यापासून घरातलं काही लपत नाही.

अप्पा ट्रक ड्रायव्हर होते. भवानी पेठेत चादरी-टॉवेलच्या गाठी भरायच्या आणि कोकणात नेऊन टाकायच्या, तीस वर्षं हेच केलं. आता सत्तरीला टेकलेत. "डायवर घरात आसताना भाड्याचा कशाला?" म्हणून माझ्याबरोबर गाडी तेच आणणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मग एका रविवारी मला वही घेऊन समोर बसवलं. स्वतः कॉटवर डोळे मिटून बसले, दोन्ही हात हवेतल्या स्टेअरिंगवर, आणि कुंभार्ली घाट उतरायला लागले. एकेक वळण सांगत होते आणि मी लिहून घेत होते. हितं हारन दे. हितं दुसरा गिअर. हितं डोंगराला चिकटून घे. चढणाऱ्याला आदी वाट. देवळाच्या खालच्या वळनावर धा मिनटं थांब, ब्रेकचं लायनर थंड हू दे. अप्पांच्या डोक्यात भरलेला ट्रक होता. मी सायकलवर असणार हे त्यांना आठवलं नाही आणि मलाही सुचलं नाही. मी शिकवणाऱ्या जातीची, उतरवून घेतलेलं ब्रह्मवाक्य!

दिवाळीनंतर आम्ही निघालो. कराडपर्यंत उन्हानं छळलं, पण ऊन आमच्या घरचंच. घाटमाथ्यावर पोचले तेव्हा मी वहीचं पान हँडलला चिकटवलं आणि त्याबरहुकूम उतरायला लागले. चढणारा ट्रक दिसला की मी बाजूला थांबून त्याला हातानं वाट द्यायची. सायकलवाली बाई आपल्याला घाटात वाट देतेय हे बघून एका सरदारजीनं मला चक्क सलाम ठोकला. देवळाखाली मी धा मिनटं थांबले. गंमत म्हणून चाकाच्या रिमला बोट लावलं तर ब्रेक घासून ती इतकी तापलेली की चटका बसला. त्यापुढे मात्र हिशेब चुकायला लागला. रस्ता रुंद केलेला, अप्पांनी वहीत लिहायला लावलेलं चिंचेच्या झाडाचं वळण कुठेच सापडेना. ते हुडकता हुडकता समोर सपाट रस्ता आला. घाट संपला होता आणि मी सायकलवरच होते.

चिपळूणला शिक्का घेतला तेव्हा माझ्यापेक्षा अप्पाच जास्त खूश. डबा उघडला तर महिनाभर टिकणारी आमची कडक भाकरी कोकणातल्या हवेनं रुमालासारखी मऊ पडलेली. दमट हवा असते हे सोलापूरच्या माणसाच्या ध्यानात येतच नाही. तशीच शेंगाचटणीबरोबर खाल्ली. रात्र कशेडीत आणि आंबेनळीच्या चढात गेली, आणि सकाळी महाबळेश्वरला पोचले तेव्हा मी वेळेच्या तासभर पुढे होते.

गावावर दाट धुकं होतं. शिक्का घेऊन मी गाडीपाशी गेले. अप्पा इंजिन बंद करून आत बसले होते, हात स्टेअरिंगवर. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू हो म्होरं. मी येतो जरा धुकं उठल्यावर."

मला आधी हसूच आलं. "अप्पा, तीस वर्षं घाट केलेत की तुम्ही."

"कुंभार्ली केला. ह्यो पसरणी कंदी केला न्हाय. आमचा माल हिकडं येतच नव्हता." मग म्हणाले, "चढायचं काय, गाडी चढवती. उतरायला मानूस लागतो. आन ह्या धुक्यात मला आता वळन दिसत न्हाय, पोरी."

शिक्का मारणाऱ्या बाईंना मी विचारलं, धुकं कधी उठतं? त्या म्हणाल्या, उठलं तर अकराला, नाहीतर दिवसभर नाही. अकरापर्यंत थांबले तर माझी वेळ गेलीच. आणि एकटी पुढे गेले तर अप्पा थांबणार नाहीत हे मला माहीत होतं. माझे कोरडे कपडे आणि डबा त्यांच्याकडे. वाईत पोरगी उपाशी पोचेल म्हणून मी वळणाआड होताच ते किल्ली फिरवणार. खोटं कशाला बोलू, तरीही पाच मिनिटं मी निघण्याच्याच विचारात होते. वर्षभर एका शिक्क्यासाठी पूल चढले होते. शेजारी उभी राहून मी त्या स्टेअरिंगवरच्या हातांकडे बघत राहिले. इंजिन बंद होतं, तरी त्यांनी स्टेअरिंग सोडलं नव्हतं.

मी परत गेले आणि कार्ड त्या बाईंच्या हातात दिलं. "माझ्या मागे गाडी असणार आहे," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नावावर काट मारली.

अप्पांना म्हटलं, "चला. माझा मागचा लाल दिवा धरून या. घाटात ट्रक पुढच्याचा दिवा बघत उतरतात तसं." त्यांनी गाडी चालू केली.

पसरणी घाट माझ्या वहीत नव्हता. दहा हातांपलीकडे रस्ता दिसत नव्हता. वळण आलं की मी डावा हात वर करायची, दिसलं म्हणून मागून एक बारीक हॉर्न यायचा. भीती वाटली, भरपूर वाटली. पण नेहमीसारखा ब्रेक आवळायची सोय नव्हती. मी अचानक थांबले असते तर मागे अप्पा होते, त्यांना थांबता आलं नसतं. त्यामुळे वळण येण्याच्या आधीच थोडं थोडं हळू व्हायचं, वळणात एका चालीनं जायचं आणि पुढे त्यांच्यासाठी सरळ रस्ता सोडायचा. हात, हॉर्न, वळण. अर्ध्या घाटात धुकं विरळ झालं आणि खाली धरणाचं पाणी दिसलं. तेव्हा ते पुढे जाऊ शकले असते. गेले नाहीत. शेवटपर्यंत माझ्या मागेच राहिले.

वाईच्या अलीकडे एका टपरीपाशी मी सायकल थांबवली. अप्पा गाडीतून उतरले, गुडघे धरून दोन पावलं चालले.

"कार्ड दिलंस न्हवं परत?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"काचंतनं दिसत हुतं की."

ते टपरीकडे गेले. ट्रकवाल्यांत एक रीत असते, ती मला त्यांनी पुढे कधीतरी सांगितली. अनोळखी घाटात दुसऱ्याचा दिवा धरून उतरलेला ड्रायव्हर खाली आला की पुढच्याला आपल्या हातानं चहा देतो, आणि तो वयानं कितीही लहान असला तरी त्याला वस्ताद म्हणतो. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त दिसलं की माझा बाप चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर उभा आहे.

"घ्या वस्ताद," ते म्हणाले.

उभ्या जन्मात त्यांनी मला पहिल्यांदा अहोजाहो केलं होतं. मी सायकल टपरीला टेकवली आणि ग्लास दोन्ही हातांनी घेतला.