भरलेली बाटली

अक्का रोज घरून पाण्याची बाटली भरून आणत आणि संध्याकाळी ती तशीच, शाळेच्या फाटकापाशी निंबाच्या बुडाशी रिकामी करत. दिवसभरात ओठ ओले करण्यापुरतं पाणी, बस. नशिराबादच्या पुढच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून नवीनच रुजू झाले होते, अक्का तिथल्या जुन्या शिक्षिका. न राहवून विचारलं, "अक्का, झाडाला पाणी, आणि तुम्हाला?"

त्या अहिराणीत हसल्या, "पानी पीसन जावानं कोठे, माय?"

बायका-मुलींसाठी संडास होता. पण गावातली पोरं नळ तोडून नेत, म्हणून त्याला कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. सर सज्जन होते, मागितली असती तर लगेच दिली असती. पण सगळ्या पुरुषांसमोर ती मागायची कशी? शेजारच्या वर्गांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात कविता शिकवणाऱ्या अक्का त्या खणापुढे मुक्या होत. त्यांचं बघून मीही पाणी पिणं सोडलं.

अक्का माझ्यासारख्याच धुळ्याकडच्या. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. राहायचं जळगावात, पण तिथे माझं कोणी नव्हतं. अक्कांनी तिथल्याच मेहरूण भागात स्वतःच्या घराशेजारी मला खोली बघून दिली. पगार सुरू होईपर्यंत डबाही त्यांचाच. "लाजू नको. मायनंच घर शे हाई."

अर्धशिशी त्यांची जुनी. ऊन तापलं की ती हटकून येई. "उनी मनी पाव्हनी. आवतन नई, तरी येस," अशी पाहुणी आल्याची वर्दी देत त्या डोक्याला फडकं आवळून बांधत आणि पडदा ओढून वह्या तपासत बसत.

एप्रिलमधली दुपार. अक्कांचा चतुर्थीचा उपास. एक मुलगी धावत आली, "मॅडम, अक्का कसं तरीच बोलताहेत."

मी गेले. अक्का खडू धरून फळ्याकडे बघत होत्या. "अर्धा फळा कोठे ग्या?" उजवीकडचं त्यांना दिसतच नव्हतं, तिथे नुसत्या लखलखत्या वाकड्या रेघा, म्हणाल्या. मग त्यांनी मला हाक मारली, पण तोंडातून भलताच शब्द आला. हातातला खडू गळून पडला.

माझे वडील असेच बोलता बोलता अडखळले होते. ते पुन्हा कधी नीट बोलले नाहीत.

सरांनी गाडी काढली. जळगावपर्यंत मी अक्कांचा हात घट्ट धरून विचारत होते, "अक्का, माझं नाव काय? सांगा ना!" त्या नुसत्या बघत होत्या. अक्कांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली.

दवाखान्यात पोचता पोचता माझं नाव त्यांना आठवलं. मग डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा पक्षाघात नाही, अर्धशिशीच आहे. पण बोलणं अडखळलं तर घरी पडून राहायचं नाही, लगेच यायचं. आज पाणी किती प्यायलात?"

अक्कांनी चिमटीने दाखवलं, एवढंसं.

"एवढा घाम, त्यात उपास. घामाबरोबर क्षारही जातात. अशाने अर्धशिशी उठू शकते. नुसत्या पाण्याने ती जाईल असं नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील. पण शरीर असं वाळवू नका. पाणी का पीत नाही?"

सर दाराशी उभे होते. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हळू, पण एकेक शब्द स्पष्ट उच्चारत म्हणाल्या, "सर, किल्ली तुमच्या खणात असते."



त्यानंतर किल्ली माठाशेजारच्या खिळ्यावर आली. पहिल्या दिवशी अक्कांनी ती मुद्दाम खुळखुळवत नेली, "जाई येस बरं का, सर!" पाव्हणी नंतरही येतच राहिली, पण पूर्वीइतकी नाही. बाटलीत आता लिंबू, साखर आणि डॉक्टरांना विचारून चिमूटभर मीठ असे. निवृत्तीच्या दिवशी फाटकापाशी त्यांनी रिकामी बाटली माझ्यासमोर उलटी धरली, "निंबले आते तू पानी टाक. पन नळनं."

मी टाकते. मात्र दुपारी वर्गात एखाद्या मुलीच्या बाकावर काठोकाठ भरलेली बाटली दिसली, की आजही शिकवणं थांबवून मी तिच्याजवळ जाते आणि हळूच विचारते, "किल्ली कुठे असते, माहीत आहे ना?"