बॉथेलचा नंदादीप, ताट्रातली धुनी

आधीच सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले आहे. कुणाच्या माळ्यावर पावलं वाजली की खाली माझी कॉमेंट ठरलेली — "घरात उंदीर झालेत का बघा." माझ्या आईने साताऱ्याच्या शाळेत जन्मभर फिजिक्स शिकवलं आणि मी इथे अमेरिकेत, बॉथेलला एका बायोटेक कंपनीत रिसर्च करते. आमच्या घरात अमानवीय कशाचीही शिरायची टाप नव्हती. तरी आज लिहितेय... कारण गेल्या सप्टेंबरात जे झालं ते आम्ही तिघांनी उलटसुलट तपासलं आणि तिघंही हरलो.

आई देवभोळी मुळीच नाही. पण नवरात्रात तिचा नंदादीप नऊ दिवस अखंड तेवतो, लग्न होऊन आली त्या वर्षापासून. बाबा हॉस्पिटलमध्ये होते त्या नवरात्रात ती तिथून मधेच घरी यायची, तेल घालायची आणि परत जायची. बाबा गेल्यावरही दिवा थांबला नाही. विचारलं तर म्हणायची, "श्रद्धा वगैरे मला विचारू नकोस. एक गोष्ट आपण विझू देत नाही, एवढंच." लहानपणी मला हे समजायचं नाही. आता मात्र चारचौघांत मी तिच्याबद्दल जरा जास्तच बोलते, हे कबूल.

गेल्या वर्षी ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली, तेव्हा तो पितळी दिवा काचेसकट बॅगेत घालून आणला. माझी सप्टेंबरच्या शेवटी पोलंडमध्ये, क्राकूफला एक कॉन्फरन्स होती. म्हटलं, आईलाही नेऊ. नवरात्र कधी ते बघायला कॅलेंडर उघडलं... आणि उघडलं ते आदल्या वर्षीचं! त्या वर्षी नवरात्र जवळजवळ दीड आठवडा आधी आलं होतं. हे कळलं तेव्हा व्हिसा, तिकिटं, माझं प्रेझेंटेशन, सगळं ठरून गेलेलं.

"मी नाही येत," आई म्हणाली. बाबांच्या हॉस्पिटलची ती वेळ सोडली तर घट बसल्यावर तिने एक रात्रही घराबाहेर काढलेली नाही.

तेव्हा माझा नवरा निखिल पुढे झाला. हा नागपूरचा, घरून काम करतो, आणि देवाधर्माशी त्याचा संबंध प्रसादापुरता. "आई, तुम्ही जा. दिवा मी बघतो. काय काय करायचं ते फक्त नीट शिकवून ठेवा," तो म्हणाला.

आईने त्याला प्रॅक्टिकल घेतल्यासारखं शिकवलं. तेल कधी घालायचं, काच कशी उचलायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं — काजळी काढण्याआधी त्याच ज्योतीवर शेजारचं निरांजन लावून घ्यायचं. मोठा दिवा चुकून गेलाच तर निरांजनावरून परत पेटवायचा, म्हणजे ज्योत तीच राहते. निखिलने तिच्यासमोर दोनदा करून दाखवलं. तरी विमानतळावर तिचा चेहरा उतरलेलाच होता.

कॉन्फरन्स संपल्यावर आम्ही एक गाईडेड डे ट्रिप घेतली — दक्षिणेला ताट्रा पर्वताकडे, झाकोपाने गावाच्या बाजूला. मिनीबसमध्ये आठ-दहा जण आणि गाईड म्हणून एक बोलकी पोलिश बाई. लाकडी घरं, उतरत्या छपरांवर बारीक नक्षी, बायकांच्या लाल फुलाफुलांच्या शाली. आई खिडकीला नाक लावून बसली होती. पण दर थोड्या वेळाने विचारायची, "निखिलचा मेसेज आला का गं?" मेसेज सकाळीच आला होता, दिव्याच्या फोटोसकट. मग डोंगर लागले आणि फोनची रेंज गेली.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा गाईडने आम्हाला धनगरांच्या झोपडीत नेलं. आत मधोमध जमिनीवर लाकडांची आग, वर फळ्यांवर मेंढीच्या दुधाचं चीज धुरी घ्यायला ठेवलेलं, आणि बाजूला पाइप ओढत बसलेला म्हातारा. कळपाच्या या प्रमुखाला तिकडे 'बाट्सा' म्हणतात. धुराने डोळे चुरचुरत होते. गाईड सांगायला लागली — वसंतात मेंढ्या वर येतात तेव्हा ही आग पेटवतात आणि शरदात त्या खाली उतरेपर्यंत विझू देत नाहीत. विझली तर कळपाला वाईट.

आई एकदम पुढे सरकली. "राख कशी काढता?" तिने विचारलं.

गाईडला प्रश्नच कळेना. टुरिस्ट बहुतेक चीजची किंमत विचारतात. तिने भाषांतर केलं आणि म्हातारा हसला. उठून त्याने काठीने निखारे एका कडेला ओढले, मोकळ्या जागेतली राख बाजूला केली आणि निखारे परत जागेवर आणले.

"बघ," आई मला म्हणाली, "याचं निरांजन."

मग तिने आपल्या शाळामास्तरणीच्या इंग्लिशमध्ये सगळ्या मिनीबसला नंदादीप समजावून सांगितला. नऊ रात्री, तेल, काजळी, निरांजन. एकही शब्द अडला नाही. टेक्ससहून आलेलं एक जोडपं फोन खाली ठेवून ऐकत होतं. गाईड म्हाताऱ्याला वाक्यावाक्याने सांगत होती आणि तो मान हलवत होता. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की माझं स्वतःचं प्रेझेंटेशन त्यापुढे अगदी पाणचट वाटलं.

म्हाताऱ्याने एक ओंडका उचलून आईपुढे धरला. गाईडला आश्चर्य वाटलं. "तो पाहुण्यांना आगीला हात लावू देत नाही," ती म्हणाली.

आईने आधी बूट काढले. त्या मातीच्या, ओलसर जमिनीवर ती मोज्यांवर उभी राहिली. ते पाहून म्हाताऱ्याने डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली. आईने ओंडका ठेवला, नमस्कार केला... आणि तशीच वाकलेली राहिली. दोन्ही तळहात आगीसमोर ओंजळीसारखे, वाऱ्यापासून ज्योत झाकताना धरतो तसे. झोपडीत वारा अजिबात नव्हता. मी फोटो काढला, कारण ती छान दिसत होती.

"आई, काय झालं?"

"विझत होती," ती म्हणाली.

आग तर चांगली धडधडत होती. मी तसं म्हटलं तेव्हा तीही भानावर आल्यासारखी आगीकडे बघत राहिली. "हो की," म्हणाली आणि बूट घालायला लागली.

खाली गावात रेंज आली आणि निखिलचा मेसेज वाजला. "कॉल कर. दिव्याचं आहे." मी स्पीकर लावला.

"आई, सांगून टाकतो," तो म्हणाला. "माझ्याकडून चूक झाली. सकाळी ऑफिसची मीटिंग होती, घाईत मी निरांजन न लावताच काजळी काढायला घेतली. वात घसरून तेलात गेली. दिवा विझला."

आई एका दगडी कट्ट्यावर बसली.

"पण पुढचं ऐका यार," निखिल म्हणाला. "मी लायटर आणायला किचनमध्ये गेलो. परत येतोय तर दिवा पेटलेला. सरळ ज्योत, एकदम स्वच्छ. आणि घरभर धूर! लाकूड जळाल्यासारखा वास. स्मोक डिटेक्टर कोकलायला लागला. इतके दिवस दिव्याने तो एकदाही वाजला नव्हता. सगळ्या खिडक्या उघडल्या तेव्हा बंद झाला."

आईमधली फिजिक्स टीचर जागी झाली. "वातीच्या टोकाला ठिणगी राहिली असेल."

"नाही आई. पूर्ण बुडाली होती."

"पूर्ण? टोकसुद्धा?"

"टोकसुद्धा. मी खोटं काहून सांगू? गुपचूप लायटरने लावला असता तर तुम्हाला कळलंही नसतं."

हे मात्र खरं होतं. मी म्हटलं, जंगलातल्या वणव्यांचा धूर असेल, आमच्याकडे सप्टेंबरात येतोच. त्याने तेही बघितलं होतं. हवा त्या दिवशी स्वच्छ होती, आणि आमच्या घरात फायरप्लेस आहे ती गॅसची. फोन ठेवल्यावर मी त्याच्या मेसेजची वेळ आणि माझ्या फोटोची वेळ लावून पाहिली. पोलंडमधली संध्याकाळ, बॉथेलची सकाळ... अंतर दोन-चार मिनिटांचं. मी आईला दाखवलं नाही, पण तिने माझ्या खांद्यावरून बघितलंच.

झोपडीबद्दल निखिलला काही सांगायचं नाही, हे आम्ही दोघींनी तिथेच ठरवलं. ज्याची टेस्ट घ्यायची त्याला उत्तर आधी सांगायचं नसतं, एवढं तर माझ्या नोकरीने शिकवलंय. आईने त्या दिवशी पांघरलेली, झोपडीतल्या धुराचा वास बसलेली लोकरीची शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून टाकलं.

बॉथेलला पोचलो तेव्हा नवरात्राचे दोन दिवस उरले होते. आई कोट न काढता दिव्यापाशी गेली. ज्योत स्थिर होती. शेजारी निरांजन, नवीन वात, तेल, सगळं शिस्तीत मांडलेलं. मग तिने पिशवी निखिलपुढे धरली. "यात नाक घाल."

त्याने गाठ सोडली आणि पिशवी चेहऱ्याजवळ नेली. वर पाहिलं तेव्हा त्याचा रंग उडालेला होता. "हाच वास," तो म्हणाला. "आई, कुठून आणलंत हे?"

त्यानंतर आम्ही सगळं करून पाहिलं. आईने त्याच दिव्यासारख्या एका पणतीत वात बुडवून बुडवून विझवली. एकदाही आपोआप पेटली नाही. डिटेक्टरची बॅटरी तपासली, ती ठीक होती. आजही आमच्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा... फक्त उंदीर सुचवू नका, तो जोक माझा आहे.

मला वाटत होतं, दिवा खंडलाच, असं आई मनात धरून बसली असणार. ही बाई पेपर तपासताना कुणाला अर्धा मार्क फुकट द्यायची नाही. दसऱ्याला साताऱ्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. निखिल बाजूलाच दिव्याचं पितळ पुसत बसला होता. मावशीने दर वर्षीचा प्रश्न विचारला, "दिवा अखंड राहिला ना गं?"

निखिलचा हात थांबला.

"राहिला," आई म्हणाली. "यंदा जावयाने राखला."