दुबलगुंडीची साडेआठ हात उडी

चहा पिताना हसू नका, ठसका लागंल. एके काळी मी लांब उडीत अख्ख्या जगात पहिला आलो होतो! व्हय, मीच! दुबलगुंडीत, आमच्याच खळ्यावर.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझं लग्न अडलं होतं. शेजारच्या राजेश्वर गावातल्या अप्पांची पोरगी गौरव्वा मला लई आवडली होती. पण अप्पा म्हणले, "पोरगं करतंय काय? नुसतं उड्या मारत हिंडतंय!" खरंच होतं म्हणा!

त्याच आठवड्यात हैदराबादचा पेपर हाती लागला. परदेशात कुण्या गड्यानं साडेसात मीटर उडी मारून सोन्याचा बिल्ला जिंकलेला.

"मीटर म्हंजी किती रं?" माझा दोस्त शरणप्पा विचारायला लागला.

ठाऊक न्हाई म्हणायची आपल्यात रीतच न्हाई. म्हणलं, "हात रं! आपण हात म्हणतो, तिकडं मीटर म्हणत्यात."

"आरं बसू, मग तू तर आठ हात मारतोस की!"

आता सांगा, अंगात वारं शिरणार का न्हाई? लगोलग खळ्यावर गेलो, धोतर खोचलं, बसवण्णाचं नाव घेतलं अन् हाणली उडी! शरणप्पानं कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत टाकत मोजलं. साडेआठ! त्या गड्यापेक्षा एक हात जास्त!

अहो, गावात हलगी वाजली! गुलाल उधळला, गूळ-खोबरं वाटलं, मला खांद्यावर घेऊन मिरवलं. "बसू जगात पहिला!" ही बोंब राजेश्वरपर्यंत पोचली. चौथ्या दिवशी अप्पा स्वतः नारळ घेऊन दारात!

"जावईबापू, आमचीच चूक झाली."

मी मान येवढी ताठ केली की दोन दिवस दुखत होती. महिन्यात लग्न उरकलं.

लग्नाला आठ दिवस झाले. गौरव्वा भाकरी थापायली होती, मी जेवता जेवता तिला तीच उडी परत सांगायलो होतो.

"मीटर म्हंजी सव्वादोन हात," ती तव्याकडं बघतच म्हणली. "माझ्या भावाच्या शाळेच्या पुस्तकात हाय."

मी मनात गुणाकार केला. साडेसात मीटर म्हंजी जवळजवळ सतरा हात! मी तर त्याच्या निम्म्यातच पडलेलो. हातातला घास ताटात ठेवून विचारलं,

"तुला हे लग्नाआधीच ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग हो कामून म्हणलीस?"

"म्हणलं, ठाऊक न्हाई ते छातीठोक सांगणारा गडी हाय. ह्या घरात आपलंच चालंल."

चाळीस वर्षं झाली. तिचंच चालायलंय.