मानपूरला उघडलेलं दार

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणे हे माझे काम नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी जे लिहिले ते पंचनामे, जबाब आणि ठाण्याचा रोजनामचा. आरक्षक, म्हणजे शिपाई, म्हणून भरती झालो, उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो, आणि त्यानंतर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातले. आमच्या घरातून कॉलेजच्या बाकावर बसणारा मी पहिलाच. त्यामुळे कुठे कसे लिहावे हे सांगणारे घरात कोणी नाही. आमच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "काका, इंदूरच्या मराठी मंडळींसाठी अंक काढतोय, एक केस लिहून द्या." मी नाही म्हणू शकलो नाही. एकदा मात्र मी टीआय साहेबांच्या, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांच्या, तोंडावर नाही म्हणालो होतो. तीच केस लिहितो. नावे कोणाचीच देत नाही.

नोकरीचे शेवटचे वर्ष होते. एका सकाळी एक ट्रान्सपोर्टवाले शेठ ठाण्यात आले. घर मराठी, आजोबांच्या वेळेपासून इंदूरचे. त्यांच्या दोन बंद बॉडीच्या गाड्या तांब्याच्या वायरच्या गुंडाळ्या घेऊन आग्रा-मुंबई रस्त्याने नाशिकला गेल्या होत्या. माल एकाच गोदामात उतरला आणि मोजणीत नऊ गुंडाळ्या कमी भरल्या. कोणत्या गाडीतून कमी झाल्या हे गोदामवाल्यांना सांगता येत नव्हते, कारण त्यांनी दोन्ही गाड्यांचा माल एकत्रच मोजला होता.

शेठना मात्र सांगता येत होते. त्यांनी टेबलावर छापील कागद ठेवला.

"भिया, ही मशीनची रिपोर्ट. मागच्या गाडीचं दार मानपूरच्या पुढे ढाब्यावर बावीस मिनिटं उघडं होतं. पुढच्या गाडीचं पूर्ण दिवसात एकदाही नाही. अब और क्या चाहिए?"

त्यांच्या सहाही गाड्यांत, गाडी कुठे आहे ते मालकाच्या फोनवर दाखवणारे यंत्र बसवले होते. ते केबिनमध्ये, डॅशबोर्डच्या खाली असते. मागच्या दारावर काडेपेटीएवढी पांढरी डबी, म्हणजे सेन्सर, चिकटवलेली. डबी आणि यंत्र एकमेकांशी ब्लूटूथने जोडलेले. दार उघडले की डबी यंत्राला कळवते, यंत्र मालकाला.

मागच्या गाडीच्या चालकाला बोलावले. पन्नाशीचा माणूस, आजोबा गिरणीत कामाला म्हणून इंदूरला आलेले. मी आयुष्यात पुष्कळ चोर पाहिले. चोर बहुतेक वेळा आधी हात जोडतो. हा माणूस खुर्ची ओढून बसला.

"ढाब्यावर थांबलात?"

"थांबलो. जेवलो. दोन्ही गाड्या थांबल्या, पुढे ती, तिच्यामागे माझी."

"दार उघडलंत?"

"नाही."

"मशीन म्हणते उघडलं."

"तो मशीन से ही पूछ लो साहेब. मैंने नहीं खोला म्हणजे नाही खोला. कुलूप नाशिकलाच काढलं, गोदामवाल्यासमोर."

"पुन्हा विचार करा."

"विचार काय करायचा? दार आहे का कविता?"

ठाण्याचे लिखाण सांभाळणारे आमचे मुंशी हसले. मी हसलो नाही, पण ते वाक्य लक्षात राहिले. चार तास प्रश्न उलटसुलट विचारले. ढाब्यावर काय खाल्ले, हात कुठे धुतले, पुढच्या गाडीचा चालक कुठे बसला होता. खोटे बोलणारा दुसऱ्या खेपेला तपशील वाढवतो. याने एकदाही वाढवला नाही. "पुढचा चालक जेवायला उशिरा आला" एवढे त्याने दोन्ही वेळा सारखेच सांगितले, आणि तेही विचारल्यावर.

संध्याकाळी टीआय साहेबांनी बोलावले. शेठ समोर बसलेले होते.

"अटक करा याला. नकाशासकट कागद आहे. इससे अच्छा सबूत मिलेगा क्या तुमको?"

मी कागद मागून घेतला आणि उभ्यानेच वाचला. मला ब्लूटूथ कळत नव्हते, आजही फारसे कळत नाही. पण रजिस्टर वाचता येते. रजिस्टर वाचताना काय लिहिले आहे ते सगळेच बघतात, काय लिहायचे राहिले आहे ते बघायला आम्हाला जुन्या मुंशींनी शिकवले होते. मी बोट ठेवत शेवटपर्यंत गेलो. मानपूरला दार उघडले, बंद झाले. त्यानंतर नाशिकच्या गोदामात गाडी पोहोचली, चार तास उभी राहिली, परत निघाली. त्या चार तासांत दार उघडल्याची नोंदच नव्हती.

"साहेब," मी म्हणालो, "गोदामात माल उतरला. दार उघडल्याशिवाय उतरला का?"

शेठ म्हणाले, "रेंज जाते कधी कधी. त्यात काय!"

"आणि पुढची गाडीही तिथेच रिकामी झाली. तिच्या कागदावर तर दिवसभर काहीच नाही."

"कारण तो माणूस इमानदार आहे. दहा वर्षं घरचा आहे."

"इमानदार माणसालाही माल उतरवताना दार उघडावं लागतं, शेठ."

टीआय साहेबांनी पेन टेबलावर आपटले. "तुम्ही अटक करताय की नाही?"

"नाही साहेब. अटकेइतका पुरावा माझ्यापाशी नाही."

शेवटच्या वर्षात माणसे पेन्शनचे कागद सांभाळतात, वाद घालत नाहीत. मला भीती वाटली हे खरे आहे. तरी मी बाहेर येऊन रोजनामच्यात वेळ टाकून लिहिले, की संशयिताला नोटीस देऊन सोडले आहे आणि यंत्राची तपासणी बाकी आहे. दुसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती अजून माझ्या फायलीत आहे. उत्तरात मी रोजनामच्यातल्याच ओळी पुन्हा लिहून दिल्या होत्या. एक शब्द कमी केला नव्हता.

मागची गाडी ठाण्याच्या आवारात आणून उभी केली होती. दोन पंच बोलावले, शेठना फोन हातात धरायला सांगितले आणि चालकाला म्हणालो, "उघडा दार."

दार उघडले. बंद केले. पुन्हा उघडले. शेठच्या फोनवर काहीच आले नाही. स्क्रीनवर फक्त एक ओळ होती, सेन्सर संपर्कात नाही.

"सेल संपला असेल," शेठ म्हणाले.

"डबीवरचा दिवा लागतोय की," चालक म्हणाला. "शेठ, सेल तुमचा संपला."

मी त्याला गप्प बसवले, पण मनातून बरे वाटले.

ज्या कंपनीने यंत्रे बसवली तिला पत्र पाठवले. आली ती नाशिककडची एक तंत्रज्ञ बाई, नोकरीसाठी इंदूरला राहणारी. डिप्लोमा झालेली, बोलणे नेमके. तिने केबिनमध्ये बसून फोन यंत्राला जोडला. सहा शून्यांचा पासवर्ड टाकला आणि स्क्रीनवरचा नंबर दोनदा तपासला. मग खाली उतरली.

"सर, या यंत्रात या गाडीच्या डबीचा नंबर नाहीये. दुसऱ्याच डबीचा आहे."

"कोणी टाकला?"

"मीच."

मी तिला पाणी दिले. तिने सांगितले ते असे. शेठना सगळी यंत्रे खंडेनवमीलाच सुरू व्हायला हवी होती. त्या सकाळी सहाही गाड्या धुऊन, हार घालून, पूजेसाठी एकामागे एक लावलेल्या. एकीच्या बॉनेटपासून पुढचीचे मागचे दार दोन हातांवर. डब्या आदल्या दिवशी चिकटवलेल्या होत्या, पण चालकांनी दारांवर हळद-कुंकवाची स्वस्तिके काढली आणि डबीवरचा नंबर त्याखाली गेला. गुरुजी मुहूर्त चालला म्हणून घाई करत होते, शेठ प्रत्येक गाडीपाशी येऊन "बाई, हुआ क्या?" विचारत होते.

"फोनवर आसपासच्या डब्यांची यादी येते, सर. जी सगळ्यांत जवळ ती सगळ्यांत वर. मी प्रत्येक केबिनमध्ये बसले आणि वरची दाबली. गाडीची स्वतःची डबी जवळ असणार असंच धरून चालले."

आवारातली गाडी समोरच होती. मी केबिनकडे बघितले, मग मागच्या दाराकडे. वीस-पंचवीस फूट. आणि त्या दिवशी बॉनेटपुढे दोन हातांवर होते नाशिकला सोबत गेलेल्या त्याच पुढच्या गाडीचे दार.

"म्हणजे सगळी ओळ चुकली?"

"पहिली गाडी सोडून सगळी. प्रत्येक यंत्र पुढच्या गाडीचं दार ऐकतंय. आणि पुढची गाडी जवळ उभी असेल तरच. गोदामात त्या लांब लांब लागल्या असतील, म्हणून तिथली नोंद नाही." तिने माझ्या कागदाकडे बोट केले. "लिहून घ्या सर. सही करते. नोकरी गेली तर गेली. माझ्या घाईसाठी दुसऱ्या कोणाला आत टाकू नका."

पुढची गाडी मागवली तर शेठ म्हणाले, उद्या लोड आहे. मी लेखी नोटीस बजावली. गाडी आली. ती मागच्या गाडीपुढे, ढाब्यावर होती तशी उभी केली. यावेळी टीआय साहेबही बाहेर येऊन उभे होते. मी पुढच्या गाडीचे दार उघडायला लावले.

शेठचा फोन वाजला. त्यांनी वाचले आणि फोन खिशात घालू लागले.

"मोठ्यानं वाचा शेठ," चालक म्हणाला. "गाडीवाल्यांच्या ग्रुपवर माझा फोटो टाकून चोर तर लई मोठं लिहिलं होतं."

शेठनी वाचले नाही. फोन टीआय साहेबांनी घेतला आणि त्यांनी वाचला. मागच्या गाडीचा नंबर, दार उघडले.

त्यानंतरचे काम सरळ होते. तीनच दिवसांत माझ्या एका जुन्या खबऱ्याने सांगितले, की मानपूरजवळच्या एका भंगारवाल्याकडे भंगार नसलेली, कोरी वायर आली आहे. पुढच्या गाडीच्या चालकाला बसवले. मी त्याला फक्त एक प्रश्न विचारला, "जेवायला उशीर का झाला?" तो आधी हात धुत होतो म्हणाला, मग फोनवर होतो म्हणाला, मग टायर बघत होतो म्हणाला. तिसऱ्या कारणानंतर तो स्वतःच रडू लागला. सात गुंडाळ्या जप्त झाल्या, दोन विकल्या गेल्या होत्या. त्याच्यावर आणि भंगारवाल्यावर कोर्टात चालान, म्हणजे दोषारोपपत्र, सादर केले. माझ्या नोटिशीवर काही झाले नाही, ती मागे घेतल्याचे पत्रही आले नाही.

माझ्यासाठी केस संपली होती. पण त्या चालकासाठी संपली नव्हती. पहिल्याच दिवशी, ठाण्यात येण्याआधी, शेठनी गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकला होता. खाली लिहिले होते, चोर आहे, याला कोणी गाडी देऊ नका. त्या रस्त्यावर गाड्या चालवणारे जवळजवळ सगळे मालक त्या ग्रुपात. चोर सापडल्यावर शेठनी त्याला घरी बोलावले, चहा दिला, "घर की बात थी" म्हणाले आणि गाडीची चावी पुढे केली. त्याने चावी घेतली नाही.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी तो मला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, होळकरांच्या समाध्यांपाशी, भेटला. ई-रिक्षा चालवत होता. राजवाड्याकडे जायचे होते, बसलो.

"अजून रागावलेलेच आहात?" मी विचारले.

"रागाची गोष्ट नाही साहेब. ग्रुपवर लिहिलं, ग्रुपवरच पुसायचं. चहानं थोडीच पुसतं."

"अहो, ठाण्याच्या कागदावर तुम्ही निर्दोष आहात."

"ठाण्याचा कागद कोण वाचतो? माझी पोरगी ग्रुपवरचा वाचते. तिला कोणीतरी दाखवला."

मी म्हणालो, झाले गेले सोडा, बसा शेठच्या गाडीवर, एवढी वर्षे मोठी गाडी चालवलेला माणूस रिक्षात शोभत नाही. त्याने आरशातून माझ्याकडे बघितले.

"तुम्ही टीआय साहेबांचं ऐकलंत का?"

"नाही."

"तर मग मला का म्हणून सांगता?"

राजवाड्यापाशी उतरलो आणि पैसे काढले. भाडे त्याने घेतले, मोजून. ओळखीचे म्हणून सोडले नाही. मला ते आवडले.

या केसने मला काय शिकवले, असे बाईंनी शेवटी लिहायला सांगितले आहे. नोकरीभर मी माणसांना विचारत आलो, तू हे कोणाकडून ऐकलंस? यंत्रालाही तोच प्रश्न विचारायचा, हे मी तेव्हा शिकलो. ते कोणाशी जोडले, कोणी जोडले, जोडताना कोणाला घाई होती. यंत्र खोटे बोलत नाही असे म्हणणारे आता पुष्कळ भेटतात. मी त्यांना म्हणतो, ते दुसऱ्याचे खरे तुमच्या नावावर लिहू शकते. कागद छापील आहे म्हणून मान खाली घालू नका, मग समोर शेठ असो की साहेब. आणि दुसरे शिकलो ते त्या रिक्षात. पोलिसाने निर्दोष म्हटले की माणूस सुटला, असे मी समजत होतो. तो फक्त आमच्याकडून सुटतो.

हे लिहून झाले होते. वही बंद करणार तेवढ्यात, गेल्या मंगळवारी, एका बाईंचा फोन आला. त्या चालकाच्या पत्नीचा.

"साहेब, तुम्हाला कळलं का? कोर्टात त्या मशीनवाल्या बाईंची साक्ष झाली, तेव्हा कुठे बाकीच्या चालकांना सगळं कळलं. आपली पण यंत्रं चुकीची जोडली होती, उद्या आपलाही फोटो लागला असता, असं म्हणून त्यांनी शेठच्या टेबलावर चाव्या ठेवल्या. चार दिवस गाड्या उभ्या. काल शेठनी ग्रुपवर लिहिलं. ह्यांच्या नावासकट. चोर म्हटलं ती माझी चूक, असं. पोरीनं दोनदा वाचून दाखवलं."

"मग आता शेठच्या गाडीवर जाणार का ते?"

"त्यांच्या? छे! दुसऱ्या एका शेठनी तो मेसेज वाचून लगेच फोन केला. सकाळीच गाडी घेऊन नाशिकला गेलेत."