मामांच्या तुरुंगातली माणसं

माझ्या मामांइतका तुरुंगाच्या कामाला नालायक माणूस साहेबाच्या सरकारला उभ्या खानदेशात दुसरा सापडला नसता, आणि तरी त्याच सरकारनं त्यांना एकोणीस वर्षं तुरुंगावर ठेवलं. धुळ्याच्या पश्चिमेला एका तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीला लागून चार कोठड्यांचं एक सबजेल होतं. मामा तिथले जेलर. डोक्याला पागोटं, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि कमरेला एवढा थोरला किल्ल्यांचा जुडगा. हा सरंजाम पाहून नवा माणूस दारातच गर्भगळीत व्हायचा. मग मामा त्याला विचारायचे, "जेवून आलास का रे?" झालं. सगळा दरारा तिथंच संपायचा.

नव्या माणसाची नोंद करायला इतर जेलरांना पाच मिनिटं लागत असतील, मामांना सकाळ पुरत नसे. गुन्ह्याचा रकाना ते सगळ्यांत शेवटी भरायचे. आधी गाव कोणतं, घरी कोण कोण, विहिरीला पाणी किती, पोरीचं लग्न ठरलं का. एकदा तपासणीला आलेल्या साहेबानं रजिस्टर उघडलं, तर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं, "बैल दोन. पैकी मोती डावीकडे चालतो, उजवीकडे जुंपल्यास बसतो." साहेबानं याचा तुरुंगाशी संबंध काय म्हणून विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "माणूस आत आहे साहेब, बैल घरी आहेत. भावाला निरोप पाठवायचा होता, विसरू नये म्हणून लिहून ठेवलं." साहेबानं कपाळाला हात लावला आणि पुढचं पान उलटलं.

चोर, दरोडेखोर, बदमाश हे शब्द मामांच्या समोर उच्चारायची सोय नव्हती. एका शिपायानं "त्या चोराला बाहेर काढू का?" म्हणून विचारलं, तर मामांनी त्याला अर्धा तास उन्हात उभा केला. "कुठला चोर? आत पाच जण आहेत, पाचांनाही आईबापांनी नावं ठेवलीत. नाव घे." शिपाई पुटपुटला, की पण चोरी केलीच आहे ना त्यानं. मामा म्हणाले, "केली. एका दुपारी केली. बाकीची चाळीस वर्षं तो शेतच कसत होता ना? मग त्याला शेतकरी म्हणायचं सोडून त्या एका दुपारचं नाव का लावतोस?" शिपायानं आत जाऊन नावानं हाक मारली. खरं सांगायचं तर तो हिशेब मी अजूनही विसरलेलो नाही.

तुरुंगाच्या आवारात मामांनी वांगी लावली होती. थंडीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ती भाजून भरीत व्हायचं, आणि त्यावरून आत जे वाद पेटायचे त्यांत मामा न्यायाधीश. रावेरकडचा एक केळीवाला आणि इकडचा एक म्हातारा आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, कारण भरितात शेंगदाणे घालावेत की नाही. मामांनी दोन्ही बाजू ऐकून दोन वेगळी भांडी मांडायचा हुकूम दिला. याच आवारात त्यांनी एक सोयरीकसुद्धा जमवली. एका कोठडीतल्याची मुलगी, दुसऱ्या कोठडीतल्याचा मुलगा. दोघे व्याही गजांतून हात काढून एकमेकांना सुपारी देत होते, आणि मामा मध्ये उभे राहून मानपानाचं बोलत होते. मामी म्हणायची, "आमच्याकडे पाहुण्यांची वाण पडली होती, म्हणून सरकारनं पाठवलेत."

किल्ल्यांचं तर विचारूच नका. मामा त्या कुलपातच विसरायचे. घरी येऊन पागोटं उतरवलं, की मागून आतल्याच कुणाची तरी हाक यायची, "आबा, किल्ल्या ऱ्हाई गयात!" एकोणीस वर्षांत त्या किल्ल्यांनी एकही माणूस पळाला नाही. मी तेव्हा शेजारच्या कचेरीत उमेदवार कारकून होतो. हे सगळं पाहून मी हसायचो, मित्रांना रंगवून सांगायचो, आणि मनातून भ्यायचोही. मामांची नोकरी कधीतरी या भोळेपणापायी जाणार, असं मला सारखं वाटायचं. ती गेली. पण त्यांच्या भोळेपणापायी नाही.

त्या वर्षी चैत्रात सुकदेव नावाचा एक शेतकरी आत आला. गाव पिंपळनेरच्या पलीकडे. घराला आढं घालायचं म्हणून राखीव जंगलातला साग तोडला, त्याची दीड महिन्याची सजा. त्याचा बाप पौषात वारला होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तसा हा गडी जेवेना. आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आणि ज्याचा बाप त्या सालात गेला त्यानं तर ती भरायलाच हवी. सुकदेव एकुलता एक. मामांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "आबा, मना बाप तिसना ऱ्हाई. मनाशिवाय घरमा कोनी नही शे." बाप तहानलेला राहील, हेच त्याला खात होतं.

 रजा द्यायचा अधिकार मामांना नव्हता, मामलेदारालाही नव्हता. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी सुकदेवच्या कोठडीचं कुलूप काढलं आणि म्हणाले, "जा. घागर भर. आखाजी झाली की ये. तू आला नाहीस तर माझी भाकरी जाईल, एवढं ध्यानात ठेव." सुकदेव त्यांच्या पाया पडला. "घागर भरीसन येसू, आबा." हे बोलणं ऐकायला बाहेरचा एकटा मीच तिथं होतो.

आखाजी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुरुंगात डोकावलो, तर सुकदेवची कोठडी रिकामी.  मामा वांग्यांना पाणी घालत होते. मी म्हटलं, "मामा, तो आला नाही." ते मान वर न करता म्हणाले, "आज कसा येईल? उद्या येईल." आज का नाही, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारा स्वतःचीच समजूत घालतोय.

सकाळी कचेरी उघडताच मी मामलेदारांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. आजवर मी स्वतःला सांगत आलो, की मामांसाठी सांगितलं. वेळेवर कळलं तर माणूस सापडेल, मामा वाचतील. ते काही अगदी खोटं नव्हतं. पण माझ्या कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात निघायचा होता आणि मला सगळं ठाऊक होतं, हे कुणाला कळलं तर काय, या विचारानं माझी पाचावर धारण बसली होती. तेही तितकंच खरं होतं.

घोड्यावरचे दोन शिपाई पिंपळनेरच्या रस्त्यानं गेले आणि अडीच-तीन तासांत परतले. सुकदेव त्यांना गावापासून दोन कोसांवर भेटला होता, आमच्याच गावाकडे झपाझप येताना. त्याचं म्हणणं ऐकायला कोण थांबतंय. बेड्या घालून, कमरेला दोर लावून त्याला भर बाजारातून आणला. काखेत मारलेलं गाठोडं तसंच होतं. मामांनी पुढं होऊन आधी बेड्या काढायला लावल्या. सुकदेव रडवेला होऊन म्हणाला, "मी तं येतच व्हतू, आबा. काल कर व्हती. करना दिन घर कोन सोडस?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझी थोरली बहीण आखाजीला माहेरी आली होती, तिचं सासर साक्रीला. मामांनी विचारलं, "अक्का गेली का रे काल सासरी?"

"नाही," मी म्हणालो. "काल कर होती. आईनं जाऊ दिलं नाही."

 आखाजीचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी घरचं माणूस परगावी निघत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या बहिणीसाठी मला ते ठाऊक होतं. सुकदेवच्या बाबतीत ते माझ्या डोक्यातच आलं नाही. तो मला कैदी वाटला होता, आणि कैद्याच्या घरीही कर असते हे मला सुचलं नाही.

सुकदेवनं विचारलं, "कोन सांगं, आबा?" मामा म्हणाले, "कुणी का सांगेना. भ्यालेला माणूस होता तो, वाईट नव्हता." सुकदेवनं गाठोडं सोडलं. त्याच्या बायकोनं मामांसाठी सांजोऱ्या दिल्या होत्या, त्या धरपकडीत मोडल्या होत्या. मामांनी त्यांतला एक तुकडा मला दिला. तो मी त्या दोघांच्या देखत खाल्ला.

मामलेदार सुकदेववर पळून जाण्याचा नवा खटला भरायला निघाले होते. मामांनी त्याच दुपारी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, की हा माणूस पळाला नाही, मी त्याला सोडलं होतं. सुकदेव राहिलेले दिवस काढून घरी गेला. मामांची नोकरी गेली. माझा कायम झाल्याचा कागद आला, तेव्हा मामीनं आमच्याकडे पेढे पाठवले.

त्यानंतर मामा बारा वर्षं जगले. मी दर सुट्टीत जायचो. ते माझ्या बदल्यांची चौकशी करायचे, मुलांची नावं विचारायचे, निघताना वांगी बांधून द्यायचे. आल्यागेल्याला माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हा माझा भाचा. अक्षर मोत्यासारखं आहे त्याचं." त्या सकाळचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मी काढायला गेलो तर म्हणायचे, "चहा घेतोस ना?" त्यांनी निदान एकदा, रागाच्या भरात का होईना, मला चुगलखोर म्हणायला हवं होतं. फार मोकळं वाटलं असतं.